ताईची गाडी, दादाच्या नावावर

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर पडलेले पत्र्याचे डबे अंगणात येतात, ठोकपीट सुरू होते, जुनी काळी पडलेली खस, म्हणजे वाळा, उपसून नवी भरली जाते. पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. नागपूरच्या माणसाला त्या वासाने बरं वाटतं. मला राग येतो. आज सकाळी शेजाऱ्यांनी कूलर सुरू केला आणि मी उगाच दूधवाल्याशी भांडले.

हा राग एका उन्हाळ्याचा आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी सगळ्यात जास्त खस आली होती, पण ती माणसांसाठी नव्हती. ती एका मोटारीसाठी होती. धंतोलीच्या घरामागे दादाने टिनाचं शेड उभारलं होतं. रंग मारताना धूळ बसू नये म्हणून त्याच्या तिन्ही बाजूंना खसच्या ताट्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पाणी मारायला रोजाने माणूस ठेवला होता. त्याच दिवसांत ताईच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली. ती भरून आणायला घरात कुणाला सवड नव्हती. ताई ओला पंचा डोक्यावर घेऊन दहावीचे पेपर तपासत बसायची. मागच्या शेडमध्ये मोटार गारव्यात उभी होती.

गाडी तशी जुनी. लढाईच्या आधीची, विलायती. भंडाऱ्याकडच्या एका मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, ती खास सांगून बनवून घेतली होती म्हणे. मालगुजारी गेली, शेतं गेली, मग गाडीही विकायला निघाली आणि ती अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतली. अप्पांचं इतवारीत धान्याचं दुकान होतं. त्यांना मोटारीचा शौक नव्हता. गाडी बरीच वर्षं गोदामात पोत्यांच्या आड उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर मांजरी वीत होत्या.

ती बाहेर निघाली ती ताईसाठी. सुमनताई आम्हा भावंडांत थोरली. मधला प्रभाकरदादा, शेवटची मी. ताईला लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय कामातून गेले. कुबड्या घेऊन ती घरातल्या घरात फिरायची, उंबरे ओलांडायची, पण सायकलरिक्षात चढणं तिला जमत नसे. बी.एस्सी. होऊन तिला सदर भागातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, साठ सालानंतरची गोष्ट. रोज सकाळी रिक्षावाला तिला काखेत हात घालून उचलायचा आणि शाळेच्या फाटकाशी उतरवायचा. तो भला माणूस होता. पण एक दिवस तो आला नाही आणि दुसराच कुणी आला. त्याने तिला कसं उचललं हे ताईने कधी सांगितलं नाही. अप्पा त्या दिवशी योगायोगाने सदरला वसुलीला गेले होते, त्यांनी ते फाटकासमोर पाहिलं. घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी युसूफ मिस्त्रीला घेऊन गोदामात गेले.

युसूफ मिस्त्रीचं मोमिनपुऱ्यात गॅरेज होतं. तो बसेसची कामं करायचा. त्याने ताईला एका स्टुलावर बसवलं, तिच्या हातांची लांबी सुतळीने मापली, आणि गाडीत दोन लोखंडी दांडे बसवले. उजव्या हाताला, दाराजवळ, ब्रेकचा. डाव्या हाताला, गिअरशेजारी, क्लचचा. पायाखालची पेडलं कापून आखूड केली, कारण ताईचे पाय त्यांत अडकायचे. वेग कमीजास्त करायला स्टिअरिंगवरच एक छोटा खटका होता, तो मूळचाच. ड्रायव्हरची सीट त्याने अशी केली की ती दाराकडे फिरायची. ताई कुबड्यांवर उभी राहून त्या सीटवर टेकायची, सीट फिरवायची, पाय हाताने उचलून आत घ्यायची आणि कुबड्या मागे टाकायची. कुणीही हात लावायचा नाही. लावलाच तर ती ओरडायची.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर ती शिकली. क्लचचा दांडा मनगटाने ढकलून त्याच हाताच्या बोटांनी गिअर टाकायचा, हे मी पुढे कितीदा करून पाहिलं. मला कधी जमलं नाही. अप्पा शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसायचे आणि गाडीने गचका खाल्ला की "राम" म्हणायचे. ताई म्हणायची, "अप्पा, तुमी राम म्हणता तं मले भीती वाटते. गप बसा नं."

त्या गाडीने ताईला काय दिलं, हे सांगताना लोक शाळेचं नाव घेतात. पोरगी नोकरीला जाऊ लागली, बघा. शाळेत ती रिक्षातूनही जात होती. गाडीने दिलं ते वेगळंच. संध्याकाळी ती निघायची. विचारलं तर म्हणायची, "येते." फुटाळा तलावाच्या काठाला गाडी लावून पाण्याकडे पाहत बसायची. कॉटन मार्केटात खिडकीतून हात काढून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घ्यायची आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. कधी सेमिनरी हिल्सच्या चढावर मुद्दाम जायची, गाडी धापा टाकते ते ऐकायला. कधी उशिरा यायची, कपाळावर घाम, हाताला ग्रीस, आणि कुठे गेली होती ते सांगायचीच नाही. घरात हे चालायचं. पंचविशीतल्या कुठल्या धडधाकट मुलीचं हे आमच्या घरात चाललं असतं? माझं नाही चाललं. मला मैत्रिणीकडे जायलाही तिचं नाव, गल्ली आणि तिच्या बापाचा धंदा सांगावा लागायचा.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. ताई सगळ्यात आधी त्या दोन दांड्यांना हळदकुंकू लावायची. दादाही लावायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याला ते दांडे काय आहेत हे माहीत नव्हतं, असं त्याला म्हणता येणार नाही.

अप्पा गेले. दादाने इतवारीचं दुकान वाढवलं, पुढे कळमन्याला नवं मार्केट झालं तिथे गाळा घेतला, वाडीला गोदाम केलं. दादा कष्टाळू आहे, ते मी नाकारत नाही. पैसा आला तशी त्याला चार मोठ्या माणसांत उठबस करायची हौस आली. त्यांत जुन्या मालगुजारांची, वकिलांची मुलं होती. त्यांनी आपापल्या आजोबांच्या मोटारी दुरुस्त करून हिवाळ्यात त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. आमच्या आजोबांकडे मोटार नव्हती, बैलगाडी होती. पण दारात ही गाडी होती.

शाळेला सुट्या लागल्या तेव्हा दादा ताईच्या खोलीत आला. मी तिथेच होते.

"ताई, गाडी दे नं मले दोन महिने. इंजिन उघडतो, रंग मारून देतो. शाळा उघडायच्या आत तुह्या दारात."

ताईने उशीखालची चावी काढून दिली. "क्लचचा दांडा सैल झाला आहे, मिस्त्रीले म्हणावं कसून दे. अन् रंग काळा नको मारू, उन्हात तापते."

"तू पाह्य तं खरं," दादा म्हणाला. खूश होता. मीही खूश होते.

मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, संध्याकाळी यायचं. तो पूर्ण महिना मी शेडकडे फिरकले नाही. नवतपा, मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, सुरू झाला होता. दुपारी रस्त्यांवर कुत्रंही नसायचं, ऊन लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवून बाहेर पडत होते. एका रविवारी मी मिस्त्रीसाठी पन्हं घेऊन मागे गेले. ओल्या खसचा आणि रंगाचा वास एकत्र झाला होता. आत गाडी उभी होती, आणि काय सांगू, सुंदर दिसत होती. खालून काळी, वरून गर्द तांबडी. बंपर आरशासारखे.

मी दार उघडलं. आत दांडे नव्हते. तळाच्या पत्र्याला दांड्यांची भोकं होती, ती वेल्डिंगने बुजवून घासून सपाट केली होती. फिरणारी सीट नव्हती, तिथे चामड्याची नवी लांब सीट होती. खाली तीन पेडलं, कलकत्त्याहून आणलेली, रबर लावलेली.

"मिस्त्री, दांडे कुठं आहेत?"

युसूफ मिस्त्री म्हातारा झाला होता. चष्मा पुसत म्हणाला, "भंगारवाल्याले देले नं, शालूबाई. ते तं जुगाड होतं. आता पाहा, अस्सल काम. कंपनीतून निघाली तशी."

"तुम्हीच बसवले होते ते."

"म्हणून तं सांगून राहिलो. ते पाहून मले शरम लागायची. बसच्या पायपाचा तुकडा होता तो. अशा गाडीत बसचा पायप!" आणि त्याने मला पेडल दाबून दाखवलं, हलकं किती चालतं ते. त्याला खरंच अभिमान वाटत होता. मला तो पन्ह्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. ओतला नाही, कारण पन्हं ताईने केलं होतं.

दादा तिथेच आला. हातात मुंबईहून मागवलेलं गाडीचं जुनं माहितीपत्रक. प्रत्येक गोष्ट तो त्याच्याशी ताडून पाहत होता.

"दादा, ताई चालवणार कशी?"

"काहून वं, आल्या आल्या भांडून राहिली? प्रदर्शनात मार्क असतात. एक भोक जास्तीचं दिसलं तं मार्क कापतात. गाडी ओरिजिनल पाहिजे."

"ताई चालवणार कशी, ते सांग."

"तिले ड्रायव्हर देतो नं! नवी अँबेसिडर घेतली आहे, तीच पाठवत जाईन. आता ह्या वयात तिनं दांडे ओढावे का? लोक मलेच बोलतात. भाऊ एवढा मोठा झाला, अन् बहीण अजून त्या खटाऱ्यात जाऊन राहिली."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं का त्याच्यात? चांगलंच करून राहिलो नं."

मग माझी नजर दारावर गेली. तांबड्या रंगावर सोनेरी रेषांनी एक चिन्ह काढलं होतं. दोन तलवारी, मध्ये कमळ. मी विचारलं हे काय. दादा म्हणाला, मालगुजारसाहेबांच्या घराण्याचं, मूळ गाडीवर होतं तसं. ज्या मालगुजाराच्या वाड्याबाहेर आमचे आजोबा चपला काढून हात जोडून उभे राहायचे, धान्याचा भाव तो सांगेल तो ऐकून घ्यायचे, त्याचं चिन्ह माझ्या भावाने स्वतःच्या खर्चाने आमच्या गाडीवर काढून घेतलं होतं. ताईच्या हातांनी झिजलेलं लोखंड भंगारात गेलं. ते ओरिजिनल नव्हतं.

त्या दिवसापासून मला हा शब्द सहन होत नाही. वस्तू पहिल्या दिवशी जशी होती तेवढीच खरी, आणि पुढे माणसांनी तिच्याकडून जे काम करून घेतलं ते खोटं, हे कुणी ठरवलं? मालगुजाराने ती गाडी वापरली असेल दहाबारा वर्षं, तीही शिकारीला आणि लग्नांना. ताईने तिला वीस वर्षं रोज चालवली. आमच्या कारखान्यातही जुनी यंत्रं आहेत. प्रत्येकाला कुठे ना कुठे कुणी मूठ, कडी, पट्टी लावलेली आहे, कारण ते चालवणारा माणूस डावखुरा होता किंवा बुटका होता. ती कडी काढून टाकली तर यंत्र शुद्ध होत नाही. फक्त त्या माणसाचं काम थांबतं.

ताईला मीच सांगितलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती कुबड्या घेऊन मागे गेली. शेडपर्यंत ती कधी चालत गेली नव्हती, वाटेत दोनदा थांबली. दादाने लगबगीने दार उघडलं. तिने सीटवर टेकायचा प्रयत्न केला, सीट फिरली नाही. दादा पुढे झाला, "थांब, मी उचलतो." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला. खूप वेळ लागला, पण बसली आत. तिचे पाय पेडलांच्या वर लोंबत होते. दोन्ही हात तिने सवयीने बाजूंना नेले. हाताला काही लागलं नाही.

"छान झाली प्रभाकर," ती म्हणाली. "आता सांग, चालवू कशी?"

दादा म्हणाला, "ताई, मी का दुश्मन आहो तुहा?"

"दुश्मन असता तं चावी नसती देली."

त्या रात्री घरात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, गाडी ताईची आहे, तिच्या परवानगीशिवाय हात लावलास कसा. दादा आवाज न चढवता म्हणाला, "गाडी माह्या नावावर आहे, शालू. अप्पांनीच केली." आणि ते खरं होतं. ते आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ताईसाठी दांडे बसवले, सीट फिरवून घेतली, मैदानावर शेजारी बसले, आणि कागद करायची वेळ आली तेव्हा अप्पांनी कॉलेजात शिकणाऱ्या, त्या गाडीला हातही न लावणाऱ्या मुलाचं नाव घातलं. आईने तेव्हा विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, "पोरीच्या नावावर गाडी कोण करते? कागदावर घरचा माणूस लागते." घर दादाच्या नावावर, दुकान दादाच्या नावावर, तशी गाडीही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे असंच करतात.

दादावर राग धरणं सोपं आहे. तो समोर आहे, त्याला चार शब्द सुनावता येतात, मी सुनावतेही. अप्पांवरचा राग कुठे ठेवायचा? ज्यांनी फाटकासमोरचं ते एक दृश्य पाहून अन्न सोडलं, त्यांनाच मुलीच्या हातात चावी द्यावीशी वाटली आणि मालकी द्यावीशी वाटली नाही. लोक त्यांची आठवण काढून डोळे पुसतात. मी पुसत नाही. त्यांनी एक सही वेगळी केली असती, तर दादाला ताईसमोर हात जोडून उभं राहावं लागलं असतं.

हिवाळ्यात प्रदर्शन झालं. दादाला कप मिळाला. मी गेले होते, ताई आली नाही. फेटे बांधलेली माणसं गाडीभोवती फिरत होती, वाकून खाली पाहत होती. एक गृहस्थ दादाला म्हणाले, "वाह, काहीही बदल केलेला नाही!" दादाने मान डोलावली. मी म्हटलं, "केला होता. माझी बहीण दोन्ही हातांनी चालवायची ही गाडी. ते काढून टाकलं, म्हणून कप मिळाला." ते गृहस्थ हसले, त्यांना तो विनोद वाटला. दादा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. मलाही काही अडलं नव्हतं.

ताई अँबेसिडरने शाळेत जाऊ लागली. ड्रायव्हर शंकर नावाचा, सज्जन, तिला बाई म्हणायचा, दार उघडून खाली पाहत उभा राहायचा. शाळा सुटली की विचारायचा, "कुठं घेऊ बाई?" त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. ड्रायव्हरला सांगावंच लागतं. एकदा मी तिच्याबरोबर होते. थंडीची संध्याकाळ होती, हवा चांगली होती, संत्र्यांच्या गाड्या चालल्या होत्या. शंकरने विचारलं. ताईने बाहेर पाहिलं. फुटाळा म्हटलं तर शंकर नेईल, गाडी लावेल, आणि मागे हात बांधून उभा राहील. घरी वहिनीला सांगेल, बाई फुटाळ्याला बसल्या होत्या. वहिनी विचारेल, काहून ताई, बरं नाही का वाटून राहिलं?

"घरी," ताई म्हणाली.

असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं ती बाई दोनच जागा सांगायची, शाळा आणि घर. घरातले म्हणायचे, आता कशी आरामात आहे. मी म्हणायचे, दुसरी गाडी घेऊ, दांडे बसवू. ती म्हणायची, "खांदे दुखतात आता." मी म्हणायचे, खोटं बोलू नको. ती म्हणायची, "पुन्हा कोणी काढून नेईल."

तेव्हा मला तिचाही राग आला आणि मी विचारणं बंद केलं. आमच्या कारखान्यातला एक फोरमन बदलून चालला होता, त्याची जुनी, दारं खडखडणारी गाडी मी घेतली. आधी कागद ताईच्या नावावर केले आणि मगच लोखंडाला हात लावला. मिस्त्रीकडे गेले नाही. कारखान्यातल्या फिटरने दांडे केले. पहिला जोड लांब झाला, ताईच्या गुडघ्याला आपटला. ताईने त्याला अशी शिवी दिली की तो म्हणाला, बाई शाळेत शिकवतात नं? दुसरा जोड जमला. सीट काही नीट फिरत नाही, कुरकुरते, ताई तिला तेल पाजते. गाडी दिसायला भिकार आहे. तिला कुणी कप देणार नाही.

पहिल्या रविवारी आम्ही दोघी निघालो. ताईच्या हातांची सवय सुटली होती. चौकात गाडी बंद पडली, मागून ट्रकवाले भोंगे वाजवू लागले. तिने खिडकीतून डोकं काढून एकाला विचारलं, "तुह्या बापाचा रस्ता आहे का?" त्याने सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई हसली. किती दिवसांनी हसली. अमरावती रोडला वाडीपर्यंत गेलो, तोवर गिअर नीट पडू लागले होते. तिथे नाक्याशी तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच.

"तू उतर."

"इथं?"

"हो. बसनं जा घरी."

"अगं, पण तू कुठं चालली?"

"तुले काहून सांगू?" ती म्हणाली आणि क्लचचा दांडा ढकलला.

मी उतरले. पर्स गाडीतच राहिली, हे गाडी गेल्यावर कळलं. गोदामांपुढे ट्रक उभे, धूळ, डिझेलचा धूर, वरून ऊन. मी पदराने तोंड झाकून तिथे उभी राहिले आणि मनातल्या मनात तिला वाट्टेल ते बोलले. मग ओळखीचा कुणी कंडक्टर दिसतो का ते पाहायला बसथांब्याकडे चालू लागले.